सुई टोचली तर रक्त पिळू नका, आणि गप्प बसू नका

सोमवारी सकाळी मामीचा फोन आला, बोलता बोलता म्हणाली, "अगं, शनिवारी दुपारी कचऱ्याची पिवळी पिशवी बांधताना सुई टोचली, पण दाबून दाबून रक्त काढलं, वरून स्पिरिट लावलं, आता काही नाही." मामी एका खाजगी हॉस्पिटलमध्ये मावशी म्हणून काम करते, ठेकेदारामार्फत. हे उपाय कुठून कळले विचारलं तर स्टाफच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज पाठवला. त्यात लिहिलंय: रक्त पिळून काढा म्हणजे विष निघून जातं, स्पिरिट लावा, सुईने एड्स होत नाही, टोपण लावलं की धोका संपला, रिपोर्ट करू नका कारण चूक आपलीच असते, आणि कंत्राटी माणसाची जबाबदारी हॉस्पिटलवर नसते. वाचून डोकंच फिरलं माझं.

आधी ते पिळणं. नॅको, म्हणजे केंद्राची एड्स नियंत्रण संस्था, स्पष्ट सांगते की जखम साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, बोट तोंडात घालू नका, स्पिरिट-ब्लीच लावू नका. पिळल्याने तिथल्या पेशी अजून दुखावतात आणि व्हायरस काही विषासारखा थेंबाबरोबर बाहेर पडत नाही. पण खरा घात वेगळाच आहे, पिळून झालं की माणसाला वाटतं उपचार झाला, आणि घड्याळ चालूच राहतं. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या, ज्याला पीईपी म्हणतात, शक्यतो 2 तासांत सुरू करायच्या, 72 तासांनंतर उपयोग नाही, आणि 28 दिवस घ्यायच्या. मामीचे त्यातले जवळपास 2 दिवस त्या मेसेजने खाल्ले.

"सुईने एड्स होत नाही" यात अर्धं खरं आहे, मान्य. बाधित रक्ताची सुई टोचली तरी एचआयव्हीचा धोका साधारण 0.3 टक्के, म्हणजे हजारात तीन. पण हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ? लस न घेतलेल्या माणसाला तो धोका 30 टक्क्यांपर्यंत जातो, आणि त्यावर लस आहे! मामी तिथे चार वर्षं राबतेय, एक डोस मिळालेला नाही.

टोपणाचं तर उलटंच आहे, वापरलेल्या सुईला दोन हातांनी टोपण लावतानाच कितीतरी जणांना टोचते. सुई कटरमध्ये तोडायची आणि पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकायची. पिवळी पिशवी ड्रेसिंगच्या कापसाची, त्यात सुई आलीच कशी? ती ज्याने टाकली तो मोकळा आणि पिशवी बांधणारीची चूक?

आता जबाबदारी. एचआयव्ही-एड्स कायदा 2017, कलम 19 वाचा. आरोग्यसेवा देणाऱ्या प्रत्येक संस्थेने तिथे काम करणाऱ्या, धोका असलेल्या सगळ्यांना बचावाची साधनं, ट्रेनिंग आणि पीईपी द्यायचं आहे. "तिथे काम करणाऱ्या" असं लिहिलंय, पगार कोण देतं ते विचारलेलं नाही. जैववैद्यकीय, म्हणजे हॉस्पिटलमधल्या कचऱ्याचे 2016 चे नियमही तेच सांगतात: हातमोजे-बूट, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, वर्षाला तपासणी, सगळं हॉस्पिटल चालवणाऱ्याच्या डोक्यावर. टोचल्याची नोंदसुद्धा त्यांना वार्षिक अहवालात द्यावी लागते, म्हणजे रिपोर्ट करणं हा गुन्हा नाही, लपवायला लावणं हेच नियमाविरुद्ध आहे.

त्याच सोमवारी मामीला सरकारी हॉस्पिटलच्या एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्ही उपचार केंद्रात घेऊन गेले. गोळ्या फुकट मिळाल्या, रक्त घेतलं, बी च्या लसीचा पहिला डोस झाला. सुई कुठल्या पेशंटची ते कळायला मार्ग नाही, त्यामुळे पुढच्या तपासण्या होईपर्यंत वाट बघायची. गोळ्यांचा आज अकरावा दिवस, सकाळी तिला मळमळतं आणि तरीही ती ड्युटीवर जाते. वॉर्डात पांढरा डबा अजून आलेला नाही. त्या ग्रुपवर मी हे सगळं टाकायला सांगितलंय, तुमच्या घरातली कुणी मावशी, सिस्टर, वॉर्डबॉय असेल तर त्यांनाही आजच पाठवा.