परीक्षेतली 'चांगली केस' आणि टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स

एमडीआर टीबीला, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या टीबीला, आता सहा महिन्यांचा कोर्स आलाय, बीपाल्म म्हणतात, आपल्याकडे सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केला. बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन, सगळ्या गोळ्या, इंजेक्शन नाही. ज्यांनी जुने १८-२० महिन्यांचे कोर्स बघितलेत त्यांना याची किंमत कळेल. तेव्हा मूठभर गोळ्यांच्या वर महिनोन्‌महिने कानामायसिन टोचायचं आणि त्यात काहींचे कान कायमचे जायचे. नंदिता वेंकटेशन या टीबीच्या पेशंटचे तसेच गेले. तिने आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दुसऱ्या पेशंटने पुढे बेडाक्विलिनच्या वाढीव पेटंटला, म्हणजे कंपनीची मक्तेदारी आणखी लांबवणाऱ्या पेटंटला, इथे विरोध केला आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट ऑफिसने कंपनीचा अर्ज फेटाळला. लढल्या पेशंट, आपण डॉक्टर लोक कॉन्फरन्समध्ये टाळ्या वाजवतोय.

बरं, आता नवीन कोर्सचं बघा. लिनेझोलिडने पायाला मुंग्या येतात, नजर अंधुक होऊ शकते, रक्त कमी होतं. रक्ताचा रिपोर्ट लॅब देईल, बेडाक्विलिनचा हृदयावरचा परिणाम बघायला ईसीजी काढता येईल, पण मुंग्या एक्स-रेत दिसत नाहीत हो, त्या विचाराव्या लागतात, दर व्हिजिटला, खुर्ची ओढून. आणि नेमकं तेच आम्हाला कोणी शिकवलं नाही.

आम्ही काय शिकलो? परीक्षेच्या दिवशी वॉर्डात 'चांगली केस' म्हणजे फुप्फुसात मोठी कॅव्हिटी (टीबीने पडलेली पोकळी) असलेला, मस्त ब्राँकियल ब्रीदिंग (श्वासाचा ठळक, पोकळ आवाज) ऐकू येणारा माणूस. सकाळपासून पोरं ओळीने येणार, स्टेथो लावणार, काका उठा, काका वळा, जोरात श्वास घ्या, एक दोन तीन म्हणा, आणि काकांना धड बोलताना पण धाप लागतेय. तपासू का असं विचारलं नाही म्हणून कुणाचा अर्धा मार्क गेलेला मी तरी पाहिला नाही. क्रेप्ट्स (फुप्फुसातले बारीक करकर आवाज) ओळखायला चुकले की मात्र सर सगळ्या वॉर्डासमोर झापायचे, आणि त्याच आवाजात पेशंटचं निदान पण सगळ्या वॉर्डाला कळायचं.

२०१९ च्या बॅचपासून एमबीबीएसला एटकॉम आलंय, म्हणजे वागणूक, नीतिमत्ता, संवाद वगैरे. चांगलंच आहे. पण सकाळी लेक्चरला संवाद शिकायचा आणि राउंडला सर पेशंटकडे ढुंकून न बघता फाइलशी बोलतात ते बघायचं, मग पोरं काय उचलणार?

धारावीतल्या प्रायव्हेट डॉक्टरांचा २०१० चा एक अभ्यास आहे, टीबीची ट्रीटमेंट लिहा म्हटल्यावर १०६ जणांनी ६३ प्रकारची प्रिस्क्रिप्शन्स लिहिली, बरोबर होती फक्त ६. याला अज्ञान म्हणून सोडून देतात, मला ते पटत नाही. माहीत नसताना ठोकून लिहून देणं हा नीतिमत्तेचाच प्रश्न आहे, कारण रेझिस्टन्स, म्हणजे जंतूंनी औषधाला न जुमानणं, तिथूनच तयार होतो आणि भोगतो तो पेशंट, त्याच्या घरचे, शेजारचे.

एक्झामिनर असलेल्या मित्रांनो, पुढच्या प्रॅक्टिकलला दहा मार्क यासाठी ठेवा ना, की पोराने परवानगी घेतली का आणि मुंग्या आल्या तर गोळ्या स्वतःहून बंद न करता लगेच यायचं हे पेशंटला त्याच्या भाषेत समजावून परत त्याच्याच तोंडून वदवून घेतलं का. किती पास होतात बघू.