महालक्ष्मीचे ‘तीनशे एकर’ आणि फॉरवर्डमधला हिशेब

महालक्ष्मी रेसकोर्सबद्दलचा एक मेसेज सध्या सोसायटीच्या, नातेवाइकांच्या, जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर फिरतोय. आशय असा: मूठभर श्रीमंतांनी अडवून ठेवलेली, सामान्यांना प्रवेशच नसलेली जागा अखेर सर्वांच्या संमतीने मुंबईकरांना मिळाली, तिथे न्यूयॉर्कच्या तोडीचं तीनशे एकरांचं सेंट्रल पार्क होणार, एक वीटही बसणार नाही, आणि शंका काढणारे सगळे शर्यती भरवणाऱ्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचे दलाल. शेवटच्या मुद्द्याचं आधी उरकतो. मी क्लबचा सभासद नाही, घोड्यावर आजवर रुपयाही लावलेला नाही, आणि बाग मलाही हवी आहे. आता बाकीचं.

जागा ‘मिळाली’ म्हणे. कोणाकडून? ती क्लबची कधीच नव्हती. साधारण २११ एकरांपैकी दोन-तृतीयांशाच्या आसपास राज्य सरकारची, उरलेली महापालिकेची. क्लब भाडेकरू. भाडेपट्टा ३१ मे २०१३ रोजी संपला आणि त्यानंतर दहा वर्षं नवा करार न होता शर्यती सुरूच राहिल्या. त्या सुरू राहू दिल्या कोणी? जागेच्या मालकांनीच. आणि आता तेच ‘मिळवून दिली’ म्हणून पाठ थोपटून घेतायत.

सामान्यांना तिथे प्रवेशच नव्हता, हे लिहिणारा माणूस सकाळी केशवराव खाड्ये मार्गावर फिरकलेला नसावा. आत साईस, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, घोडे फिरवत असतात आणि त्याच वेळी आसपासच्या चाळींतले, टॉवरमधले लोक कानटोपी घालून, गुडघ्याला पट्टा बांधून चालत असतात. घोडे येताना दिसले की सगळे थांबतात, ते गेले की ओलांडतात. त्यासाठी कोणी सभासदत्वाचं कार्ड मागत नाही. स्टँडमधला रुबाब वेगळा, तो मूठभरांचाच. पण मैदान बंद होतं ही थाप आहे.

खरी मेख तीनशेच्या आकड्यात आहे. रेसकोर्समधून बागेसाठी घेतलेली जागा १२० एकर. ९१ एकर क्लबकडेच राहतात, तेही २०५३ पर्यंतच्या नव्या पट्ट्याने. म्हणजे घोडे कुठेही गेलेले नाहीत. मग तीनशे कुठून आले? कोस्टल रोडसाठी समुद्रात भराव टाकून जी मोकळी जागा तयार झाली, तिचे सुमारे १७५ एकर यात मिळवलेत. पण त्या भरावावर निवासी किंवा व्यापारी बांधकाम करायचं नाही, ही अट रस्त्याला पर्यावरण परवानगी देतानाच घातली होती. म्हणजे रेसकोर्सचा विषय निघाला नसता तरी तिथे हिरवळच करायची होती. आधीच कबूल केलेली वस्तू नव्या आहेराच्या ताटात ठेवून ताट भरलेलं दाखवायचं, असला हा प्रकार. त्यात भरावाची ही जागा किनाऱ्याने लांबच लांब पसरलेली, मध्ये रस्ते आणि वाहनांची धार. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क एकसंध ८४३ एकरांचं आहे. तुलना करायचीच तर आपल्या १२० शी करा. १२० एकरही मुंबईत काही थोडे नाहीत, उगाच फुगवायची गरज काय?

‘एक वीटही बसणार नाही’ हे वाक्य मात्र फार हुशारीचं आहे, कारण ते फक्त जमिनीच्या वरचं बोलतं. खाली काय? वाहनतळ, कोस्टल रोडकडे जाणारा भुयारी मार्ग आणि दहा लाख चौरस फुटांचं क्रीडासंकुल, अशा घोषणा झाल्यात. दहा लाख चौरस फूट एकाच मजल्यावर पसरले तर जवळपास २३ एकर होतात. स्लॅबवर माती टाकून लॉन होतं, झुडपं होतात. पण वड-पिंपळाला मुळं सोडायला खोल जमीन लागते आणि पावसाचं पाणी मुरायलाही तीच लागते. इथली जमीन तर मुळात ‘फ्लॅट्स’, म्हणजे सपाट सखल दलदल. अठराव्या शतकात हॉर्नबी वेलार्डचा बांध घालून समुद्र अडवला, तोवर या सगळ्या सखल भागात भरतीचं पाणी शिरायचं. १८८३ साली रेसकोर्स झालं तेही पाणथळ जागेवर. अशा ठिकाणी पाणी पिणारी उघडी माती ही चैन नाही. पार्किंग हवं असेल तर उघड मागा, त्यावर भांडता येईल. बागेच्या नावाखाली नको.

उरला ‘सर्वांच्या संमतीने’ हा मुद्दा. जानेवारी २०२४ मध्ये मतदान झालं खरं, पण ते क्लबच्या सभासदांचं. भाडेकरूने हात वर केला म्हणून मालकाची संमती होत नाही. राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली हे मान्य. पण पालिकेच्या वाट्याच्या जमिनीचं काय? मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली होती, सगळा कारभार प्रशासकाकडे. सभागृहात चर्चा व्हायला सभागृहच नव्हतं!

आता जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर ते आहे. तेव्हा हा मेसेज पुढे ढकलण्याऐवजी आपापल्या नगरसेवकाला गाठा आणि एवढंच विचारा: या १२० एकरांपैकी नेमक्या किती एकरांखाली स्लॅब येणार?