बुद्ध, घार आणि केळ्याची साल

"तासाभराचा तर प्रवास आहे, आई. तिथे सगळं मिळतं."

"मिळू दे की," म्हणून आईने पहाटे पाचला दशम्या लाटल्याच. साताऱ्याहून तोक्योला येताना शेंगदाण्याची चटणी तिने बरोबर आणलीच होती.

तोक्योजवळच्या कामाकुराला उतरल्यावर मी इतिहास काढला. ११९२ साली शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, झालेल्या मिनामोतो योरितोमोने इथूनच कारभार केला, वगैरे. आई केळं खात ऐकत होती. मग म्हणाली, "साल कुठे टाकू?"

इथून दिवस फिरले. जपानात रस्त्यावर कचऱ्याचे डबे नसल्यातच जमा. १९९५ साली तोक्योच्या मेट्रोत विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर स्टेशनांवरचेही बरेचसे हलवले. आपला कचरा आपण घरी न्यायचा. पेयांच्या यंत्राशेजारी एक डबा दिसला खरा, पण त्याचं गोल भोक फक्त बाटल्यांसाठी. आई सालीची सुरळी करून भोकाचा अंदाज घेत होती. मी झडप घालून साल सॅकमध्ये कोंबली.

कोमाची-दोरी या बाजाररस्त्यावर जांभळ्या रताळ्याचं आइस्क्रीम घेतलं. चालत खाऊ नका, अशी विनंती नगरपालिकेने २०१९ पासून करून ठेवलीय, म्हणून दुकानापुढे उभ्याने संपवलं. सॅकमध्ये दोन कागदी रुमाल वाढले.

मग चढण चढून झेनिआराई बेंतेनचं देऊळ. बोगद्यातून आत जायचं आणि गुहेतल्या झऱ्यात पैसे धुवायचे, म्हणजे ते वाढतात. बेंतेन म्हणजे आपली सरस्वती, हे कळल्यावर आईने भुवया उंचावल्या. "सरस्वतीच्या देवळात हे लक्ष्मीचं खातं कसं काय?" असं म्हणत तिने पर्समधून पाचशेची नोट काढली. येन नव्हे, रुपये. टोपलीत ठेवून, डावाने पाणी घालून, खळखळून धुतली.

"आता वाळत कुठे घालू?"

ओल्या नोटेचं काय केलं, ते मी विचारलं नाही. सॅकमधल्या सालीचा वास यायला लागला होता.

पुढे महाबुद्ध. १२५२ साली घडवायला घेतलेला, ब्राँझचा, ११.३ मीटर उंच, १२१ टनांचा. भोवतीची इमारत कधीच गेली, तेव्हापासून उन्हापावसात शांत बसलाय. मूर्ती पोकळ आहे. पन्नास येन दिले की पोटात शिरता येतं. मी बाहेर डोळे मिटून हात जोडले. तेवढ्यात आई आत जाऊन आली.

"आतसुद्धा डबा नाही रे."

दशम्या समुद्रकिनाऱ्यावर सोडल्या. घारींपासून सावध राहा, असा फलक होता, चित्रासकट. तो मी आईला समजावून सांगत असतानाच कानाजवळून वारा गेला आणि माझ्या हातातली दशमी आकाशात गेली. बोटांत चटणी तेवढी उरली. खाली पडलेल्या फॉइलकडे घारीने ढुंकूनही पाहिलं नाही. कचरा घरी न्यायचा, पण तो माझ्या.

"खाऊ दे," आई म्हणाली. "लोणी होतं त्यात."

रात्री घरी येऊन सॅक ओट्यावर उपडी केली. साल जळणाऱ्या कचऱ्यात, बाटली बाटल्यांत. फॉइलचा बोळा टाकणार, तोच आई आतून ओरडली, "अरे, नोट आहे त्यात!"

उघडून पाहिलं. नोट एकच होती. चटणी मात्र तिला दोन्ही बाजूंनी लागली होती.

"असू दे," आई म्हणाली. "परत धुऊ."