तासाभरात केगेरेटर? नाही होत

अमेरिकेत घरी बिअर बनवणाऱ्या आपल्या मराठी मंडळींत एक मेसेज पुन्हा फिरतोय: ‘कुठलाही छोटा फ्रिज घ्या, बाजूला भोक पाडून नळ बसवा, तासाभरात घरची बिअर नळातून. फेस आला तर प्रेशर कमी करा. आत गारवा असतो, नळी धुवावी लागत नाही. गॅसचा सिलिंडर कपाटात ठेवा. पुण्यातल्या भावालाही पाठवा.’ मी स्वतः असा नळाचा फ्रिज, म्हणजेच केगेरेटर, केला आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘कुठलाही फ्रिज’ चालत नाही. आपली 5 गॅलनची, म्हणजे 19 लिटरची केग (बिअरचं स्टीलचं पिंप) साधारण 9 इंच रुंद आणि दोन फुटांहून थोडी उंच असते. छोट्या फ्रिजच्या तळाशी मागे कॉम्प्रेसरचा उंचवटा, वर बर्फाचा कप्पा, दारात बाटल्यांचे खण. मी पुठ्ठ्याचं केगएवढं नळकांडं करून दुकानात नेलं आणि प्रत्येक फ्रिजमध्ये उभं करून दार मिटतंय का ते पाहिलं. सहाव्यात मिटलं. बर्फाचा कप्पा वाकवून जागा करा, असंही काही जण सुचवतात. त्या पत्र्यातूनच फ्रिज गार करणारा गॅस फिरतो, तो चिरला की फ्रिज संपला.

सगळ्यात घातक सल्ला बाजूला भोक पाडण्याचा. हल्लीच्या पुष्कळ छोट्या फ्रिजना मागे काळी जाळी नसते. त्या गॅसच्या गरम नळ्या बाजूच्या पत्र्याखाली असतात. चालू फ्रिजच्या कडेला हात लावा, कोमट लागेल. नव्या फ्रिजमध्ये हा गॅस बहुधा आयसोब्युटेन असतो, आणि तो पेट घेतो. माझ्या मित्राने बाजूने ड्रिल घातलं, फुस्स आवाज आला आणि फ्रिज गेला. गॅस जुन्या, न पेटणाऱ्या प्रकारचा होता म्हणून एवढ्यावर निभावलं. नळ दारात बसवा, तिथे गॅसच्या नळ्या नसतात. फ्रिजच्या माथ्यावर नळाचा उभा खांब, म्हणजे टॉवरच हवा असेल तर कॉर्नफ्लोअर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची पातळ पेस्ट वरच्या पत्र्यावर फासून फ्रिज चालू करा. जी रेघ आधी वाळते तिच्याखाली गरम नळी. तरीही आधी फक्त पत्रा कापायचा, आतला फोम हाताने कोरून पाहायचा, मगच खालचं प्लास्टिक.

आता फेस. सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड केगमधल्या बिअरवर दाब देतो, ते हे प्रेशर. ते कमी करणं हा उलटा उपाय आहे. 3-4 अंश सेल्सिअसला 10 ते 12 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंडांत मोजलेला दाब) ठेवलं की लिटरभर बिअरमध्ये सुमारे अडीच लिटर गॅस मुरलेला राहतो. तेच प्रेशर 4 पीएसआयवर आणलंत तर मुरलेला गॅस केगपासून नळापर्यंतच्या नळीतच सुटायला लागतो: आज पेल्यात फेसच फेस, आणि काही दिवसांनी बिअर मिळमिळीत. खरा दोष बहुतेक वेळा आखूड नळीचा असतो. आतून 3/16 इंचाची नळी 10 फूट घ्या आणि केगवर वेटोळं करून ठेवा. एवढ्या लांबीतल्या घर्षणात जोर जिरतो आणि बिअर शांतपणे पेल्यात उतरते. माझ्याकडे पाच फुटी नळीला अर्धा पेला फेस यायचा. नळी बदलली, प्रेशरला हातही लावला नाही, आणि वर दोन बोटं फेस राहिला. पहिला पेला मात्र फेसाळतोच, कारण नळ बाहेरच्या हवेने तापलेला असतो.

गारव्यात यीस्ट आणि जंतू मंदावतात, मरत नाहीत. अमेरिकेतल्या ब्रूअर्स असोसिएशनची शिफारस दर 14 दिवसांनी नळी धुण्याची आहे. घरीही तेच पाळा.

सिलिंडर कपाटात तर मुळीच नको. 5 पौंडांचा सिलिंडर पूर्ण गळला तर सुमारे सव्वा घनमीटर कार्बन डायऑक्साइड होतो. दहा फूट लांब, रुंद, उंच बंद खोलीत त्याचं प्रमाण 4 टक्क्यांवर जातं, आणि अमेरिकेत 4 टक्के ही जिवाला तत्काळ धोक्याची पातळी मानतात. कपाट तर त्याहून कितीतरी लहान. सिलिंडर हवेशीर जागी ठेवा, प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. (सिलिंडर फ्रिजच्या आत ठेवलात तर सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा आठशे पीएसआयच्या घरातून पाचशेच्या घरात उतरतो. ती गळती नव्हे, गारव्याचा परिणाम आहे.)

राहिला पुण्यातला भाऊ. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने 1978 साली घरगुती बिअरला मोकळीक दिली: एक प्रौढ असलेल्या घराला वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर 200, विक्री अजिबात नाही. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा गुन्हा ठरतो. मेसेज त्याला आधीच पाठवला असेल तर आजच फोन करून हे सांगा.