‘मनाने पाच वर्षांचीच’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला

गेल्या महिन्यात तो निरोप मला चार जणांनी पाठवला. त्यातले दोघे आमच्याच शाळेचे पालक. मजकूर असा: ‘विशेष मुलं ही देवाची लेकरं. शरीराने वाढतात, मनाने पाच वर्षांचीच राहतात. त्यांना नोकरी-धंद्याच्या मागे पळवू नका. माया द्या, नावावर पैसे ठेवा, पुढचं भावंडं बघतील.’ खाली जोडलेले हात.

बौद्धिक अक्षम मुलांच्या शाळेत मी व्यवसायपूर्व वर्ग घेते, म्हणजे पंधरा ते अठरा वयोगट. हात जोडून गप्प बसणं मला परवडत नाही.

आधी ते पाच वर्षांचं बघू. ‘मानसिक वय’ हा चाचणीतून निघालेला आकडा आहे. सतरा वर्षांच्या पोराला मिसरूड फुटतं, मुलीची पाळी येते, कुणीतरी आवडायला लागतं. ते तो आकडा विचारून येत नाही. पाच वर्षांचं पोर पाहुण्याच्या गळ्यात पडलं की सगळे कौतुक करतात. तेच अठराव्या वर्षी बसस्टँडवर झालं की लोक मारायला धावतात. म्हणून आमच्याकडे ‘घरच्यांना मिठी, बाहेरच्यांना नमस्कार’ हे शिकवण्यात अख्खं सत्र जातं. आणि कायदाही मानसिक वय धरत नाही. पॉक्सोमध्ये, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात, वय म्हणजे जैविक वयच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं. ते प्रकरण सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या, अडतीस वर्षांच्या एका स्त्रीचं होतं. तिचं मानसिक वय सहा वर्षांचं सांगितलं गेलं होतं. म्हणजे अठरा पूर्ण झाली की ‘बालक’ म्हणून मिळणारं ते संरक्षण संपतं. तोवर मुलीला ‘नको’ म्हणून ओरडायला शिकवलं नसेल, तर त्या देवाच्या लेकराचं काय होणार?

आता नोकरी. इथे मी खोटी आशा दाखवणार नाही. आमच्या वर्गातून बाहेर पडलेल्या बहुतेकांना खुल्या बाजारात नोकरी मिळालेली नाही. पण ‘मिळूच शकत नाही’ हे जुनं झालं. १९९५च्या कायद्यात सरकारी नोकरीतल्या तीन टक्के राखीव जागा होत्या, त्यात बौद्धिक अक्षमतेला वाटा नव्हता. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्या चार टक्के झाल्या. त्यातला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून आहे. अंमलबजावणीबद्दल न बोललेलं बरं.

आणि काम शिकणं म्हणजे तरी काय? दिवाळीआधी आम्ही पणत्या रंगवून बारा-बाराच्या बॉक्समध्ये भरतो. एका मुलाला पाचच्या पुढे मोजता येत नव्हतं. अजूनही येत नाही. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे कापून बारा खळगे ठेवले. खळगा रिकामा दिसला की पणती ठेवायची, भरला की बॉक्समध्ये. पहिले तीन आठवडे तो तेरावी पणती हातात धरून उभाच राहायचा. कुठे ठेवू, अशा नजरेने माझ्याकडे बघत. मग एक दिवस त्याने भरलेला ट्रे माझ्याकडे सरकवला आणि दुसरा ओढून घेतला. कुणी सांगितलं नव्हतं. टवका उडालेली पणतीही तोच बाजूला काढायला लागला. आज तो गावातल्या फरसाणाच्या दुकानात चिवड्याची पाकिटं खोक्यात भरतो, खणांच्या पुठ्ठ्यावरच. शेठ म्हणाले होते, ‘दया म्हणून ठेवतो, ताई.’ आता त्याने सुट्टी मागितली की तेच कुरकुरतात.

पैशाचं म्हणाल तर ठेवा, जरूर ठेवा. पण ते काढणार कोण? मूल अठराचं झालं की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे फॉरवर्डमध्ये नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी पालकत्व जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडून घ्यावं लागतं. अध्यक्ष जिल्हाधिकारी. सरकारी नोकरीतल्या पालकांनी आणखी एक करावं: कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं, तेव्हा नोकरीत असतानाच त्याचं नाव कार्यालयात नोंदवून ठेवावं.

राहता राहिली भावंडं. बघतीलही. पण त्यांना विचारलंय का? होणाऱ्या सुनेला, जावयाला? चाळिशीतल्या माणसाला रोज आंघोळ घालणं आणि आपली आपण आंघोळ करून, चहा ठेवून, एसटीने दोन थांबे जाऊन येणाऱ्या माणसाबरोबर राहणं, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. भावाच्या वाट्याला यातलं कोणतं यायचं, ते दहाव्या-बाराव्या वर्षापासून घरात ठरत असतं, शर्टाची बटणं कोण लावतं तिथपासून.

फॉरवर्ड पाठवणाऱ्या त्या दोघांपैकी एका आईला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ‘गॅसजवळ नको हो ताई,’ एवढंच म्हणाली. मग इंडक्शनवर सुरुवात करू म्हटलं, पाण्याच्या मापासाठी भांड्यावर खूण करा. परवा तिचा मेसेज आला: मार्करची खूण घासताना पुसली जाते, काय करू? लाल नेलपॉलिश लावा, बाहेरच्या अंगाला, हँडलच्या बाजूने, असं कळवलंय.