ती पिल्ले अनाथ नव्हती

आज सकाळी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक चित्रफीत आली. उसाच्या फडात सापडलेली तीन इवलीशी पिल्ले टोपलीत ठेवली आहेत, कोणीतरी त्यांना बाटलीने दूध पाजत आहे आणि खाली ओळ आहे, ‘बिबट्याच्या अनाथ बाळांना मिळाले हक्काचे घर’. त्यावर लाल बदामांचा नुसता पाऊस पडला. ती पिल्ले बिबट्याची नव्हती, अनाथ तर मुळीच नव्हती, आणि त्यांचे हक्काचे घर होते तेथूनच त्यांना उचलून आणले होते. ती वाघाटी या चिमुकल्या रानमांजराची पिल्ले होती.

मी अकरा वर्षांची असताना जुन्नर तालुक्यात मामाच्या उसाची तोडणी चालू होती आणि शेवटच्या चार सऱ्या उरल्या असताना पाचटात अशीच दोन पिल्ले निघाली. तोडणीच्या टोळीतल्या एक मावशी कोयता बाजूला ठेवून म्हणाल्या, “राहू दे गं तिथंच, रातच्याला माय येऊन न्हेईल त्यांची.” मी ऐकले नाही. ओढणीत गुंडाळून ती घरी आणली.

वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक आहे. पूर्ण वाढलेली वाघाटी किलो-दीड किलोच्या घरात असते. तुमच्या सोफ्यावर लोळणारी मांजर तिच्याहून दांडगी भरेल. अंगावर गंजासारखे तांबूस ठिपके, कपाळावरून मानेकडे गेलेले गडद पट्टे आणि डोळ्यांच्या आतल्या कडेला पांढऱ्या रेघा. भारत, श्रीलंका आणि नेपाळ सोडल्यास ती जगात कोठेही नाही. ती रात्री बाहेर पडते, झाडावर सरसर चढते, आणि ज्या उंदरांच्या नावाने शेतकरी बोटे मोडतो तेच उंदीर खाते. दाट उभा ऊस तिला जंगलासारखाच वाटतो, म्हणून ती तेथे विते, आणि पिल्लांचे डोळे उघडतात न उघडतात तोच तोडणी येते. बिचारीला कारखान्याचे वेळापत्रक कोण सांगणार?

मला खरा संताप येतो तो आपल्या प्रेमाचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीला, या प्राण्याला बसवले आहे. पण वाघाचे पिल्लू कोणी ओढणीत गुंडाळून घरी नेत नाही. लहान आणि गोंडस असणे हाच वाघाटीचा गुन्हा. गाईचे दूध, मुलांचे हात, मोबाइलचा दिवा आणि वर ‘आम्ही जीव वाचवला’ हा तोरा!

बिबट्याच्या भीतीने लोक घाबरतात हे मला मान्य आहे. त्या पट्ट्यात माणसे गेली आहेत आणि पुण्यात बसून त्यांना शहाणपण शिकवणे सोपे आहे. पण घाबरलेला माणूस दूर पळतो, टोपली आणत नाही.

आणि मार्ग काही अवघड नाही. पिल्लांना हात न लावता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, तेवढ्या तुकड्यातली तोडणी थांबवावी. जुन्नरच्या परिसरात तर वन विभाग आणि प्राणिमित्रांनी अशी कितीतरी पिल्ले तपासून, संध्याकाळी खोक्यात घालून, सापडली त्याच जागी परत ठेवली आहेत. अंधार पडल्यावर आई येते आणि एकेकाला मानगुटीला धरून घेऊन जाते. त्या मावशींनी कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय मला नेमके हेच सांगितले होते, आणि आम्ही मात्र ‘अडाणी लोक’ म्हणून त्यांना मोडीत काढले.

गटावर मी एवढेच लिहिले की पिल्ले आजच जागेवर नेऊन ठेवायला सांगा. लगेच मामेभावाचे उत्तर आले, “ताई, तू पण आणली होतीस की! तुझी तर जगली, बाबांनी मोठी झाल्यावर सोडून दिली ना?”

नाही रे. कापसाच्या बोळ्याने मी त्यांना दूध पाजत राहिले. एक दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, दुसरे त्याच रात्री. मामाने ती गोठ्यामागे पुरली आणि मी रडू नये म्हणून घरात सगळ्यांना सोडून दिल्याचे सांगितले. फडाच्या बांधावर दोन रात्री कसलेसे मांजर फिरत होते, असे राखणदार म्हणाला होता, तेही मी ऐकले होते.

त्याला गटावर अजून उत्तर दिलेले नाही. आता हीच पोस्ट पाठवते.