स्टेअरिंगची खांदशेकणी

आमच्या गाडीचं स्टेअरिंग रडायला लागलं ते आषाढात. खरंच रडायचं हो, वळवलं की बोनेटमधून 'ऊंऽऽऽ' असा आवाज, गाय चरायला गेली आणि वासरू खुंट्याला राहिलं की ते करतं ना, अगदी तस्सा. सरळ रस्त्यावर गपगार. पण दारव्ह्याच्या बाजारात गाडी लावायला वळवली की भाजीवाल्या बायांपासून सगळे माना वर करून पाहणार. बायको म्हणाली, "अवो, उपाशी हाय थे, काहीतरी खाऊ घाला त्याले."

ती मस्करीत म्हणाली पण निदान बरोबर होतं. स्टेअरिंगच्या तेलाचा छोटा डबा उघडला तर तेल खालच्या रेघेच्याही खाली, आणि रंग असा की चुलीवर विसरलेला काळा चहा. हे तेल नवं असताना लालभडक असतं. गाडी चौदा वर्षांची, माझ्याकडे सेकंडहँड येऊन सहा वर्षं झाली, त्यात हे तेल बदलायचं असतं हे मला कोणी सांगितलंच नाही, आणि मीही कोणाला विचारलं नाही.

आता हा प्रकार काय असतो तर इंजिनच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो, तो तेल दाबानं ढकलतो आणि ते तेल चाकं वळवायला जोर लावतं. आपण वर बसून नुसता इशारा करायचा. तेल कमी झालं की पंप हवा ओढतो आणि रडतो. माझ्या साडूच्या नव्या गाडीत हे तेलच नाही, तिचं स्टेअरिंग विजेच्या मोटारीवर वळतं, आणि ही गोष्ट तो प्रत्येक लग्नात जेवणाच्या पंगतीत सांगतो.

तालुक्याचा मेकॅनिक म्हणाला, पोळा झाल्यावर आणा, पोट्टे सुट्टीवर हायेत. म्हटलं ठीक. पण रात्री मोबाईलवर तीन व्हिडिओ पाहिले आणि घात झाला. त्यातला माणूस वीस मिनिटांत काम उरकतो, खाली गुळगुळीत फरशी, अंगात पांढरा टीशर्ट आणि त्यावर एक डाग नाही. मला तिथंच संशय यायला पाहिजे होता.

तेल आणायला गेलो तर वेगळीच गंमत. गाडीतल्या तेलाच्या डब्याच्या झाकणावर लिहिलेलं एटीएफ. दुकानदार म्हणाला हे ॲटोमॅटिक गिअरचं तेल. म्हटलं भाऊ, माही गाडी हातानं गिअर टाकाची हाय. तो म्हणाला, "तरी हेच लागते. झाकनावर जे लिवलं थेच टाकाचं. आन् ब्रेक ऑइल तं चुकूनही टाकू नका, रबराचे सील फुगतीन आन् मंग पंपच बदला लागन." दोन लिटर घेतलं.

दिवस निवडला तो नेमका पोळ्याच्या आदल्या दिवसाचा, म्हणजे खांदशेकणीचा. सुट्टी होती म्हणून. घरी बाबा सकाळपासून बैल धुण्यात गुंतलेले, धवळ्या तर असा पांढराफेक करून उभा केलेला की डोळे दिपावेत. आणि त्याच्यापासून सात-आठ फुटांवर मी गाडीचं बोनेट उघडून उभा. बाबांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. "बैलाचे खांदे शेकाचे सोडून हा लोखंडाचे शेकून राह्यला," एवढंच बोलले आणि पुन्हा शेपूट धुवायला लागले.

पुढची दोन्ही चाकं उचलायची होती, म्हणजे स्टेअरिंग हलकं फिरतं. आता आमची जमीन काळी, वरून पंधरा दिवसांची झड. जॅक लावला, दांडा फिरवतोय फिरवतोय, गाडी आहे तिथंच आणि जॅक मात्र आरामात जमिनीत चाललाय, जणू विहीर खोदायला घेतली. शेवटी मायचा जेवायला बसायचा सागवानी पाट हळूच आणून खाली सरकवला. तिच्या लग्नातला पाट. गाडी उचलली गेली पण पाटानं मधोमध 'कट्ट' असा आवाज केला आणि स्वयंपाकघरातून लगेच हाक आली, "काय मोडलं बे?" म्हटलं काहीच नाही. दुसरा जॅक शेजारून आणला, मागच्या चाकांना दगड, आणि पुढे गाडीखाली जाड ओंडके, कारण नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायची हिंमत माझ्यात नाही आणि कोणी घालूही नये.

तोवर माणसं जमली. आमच्याकडे बोनेट उघडलं की माणसं आपोआप येतात, भजनालाही एवढी येत नाहीत. काकाजी म्हणाले ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक तेल टाक, उरलं हाय माह्याकडे. एक जण म्हणाला एरंडीचं टाक, पोट साफ होते. कोणीतरी विचारलं हे पावर स्टेअरिंग काढलं कोणं? मला नेमकं माहीत होतं म्हणून छाती फुगवून सांगितलं की फ्रान्सिस डेव्हिस नावाचा अमेरिकन इंजिनिअर, आणि बाजारातल्या गाडीत पहिल्यांदा आलं ते 1951 साली, क्रायस्लर इम्पीरियलमध्ये. काकाजी शांतपणे म्हणाले, "त्यानं पाट मोडला होता का?"

काम सुरू केलं. ढोरांना औषध पाजायची मोठी सिरिंज, पन्नास मिलीची, सुईशिवाय. तिनं डब्यातलं काळं तेल ओढून ओढून दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत टाकलं. पण डब्यात असतं पावशेर, बाकी सगळं पंपात नि नळ्यांत दडलेलं. म्हणून परत येणारी नळी पक्कडीनं सोडवली, डब्याचं ते तोंड बुचानं बंद केलं, नळी बाटलीत घातली आणि भाच्याला स्टेअरिंगवर बसवलं. इंजिन बंद ठेवून नुसतं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, मी वरून नवं तेल ओतणार, खालून जुनं निघणार. सोपं आहे. फक्त भाचा अकरा वर्षांचा आणि त्याला गाडी चालवायला मिळाली एवढंच कळलेलं, तोंडानं 'घुर्रर्र' करत तो जे फिरवायला लागला की नळीतून तेल भसाभसा यायला लागलं. काळं, मग तपकिरी, मग गुळाच्या चहासारखं, आणि मग एकदम लाल!

त्या लाल रंगाचा मला इतका आनंद झाला की "आलं रे आलं, लाल आलं!" म्हणत मी दोन्ही हात वर केले.

त्यातल्या एका हातात नळी होती.

भाच्याला वाटलं मामा शाबासकी देऊन राह्यला, त्यानं अजून जोरात फिरवलं. पिचकारी गेली ती सरळ धवळ्यावर. मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत लाल लाल शिंतोडे. अंगणात सारवलेल्या जागेवर थारोळं. माय बाहेर आली आणि ओरडली, "अवो बाप्पा, रगत कोनाचं सांडलं वं!" धवळ्या नुसता कान हलवून उभा. बाबांचं तोंड मी पाहिलंच नाही, मी गाडीखाली काहीतरी शोधत होतो.

पुढचा तासभर मी बैल धुतला. कपड्याचा साबण, कोमट पाणी, बाबा शेजारी उभे, हातात काठी नव्हती पण असती तर बरं झालं असतं असं त्यांच्या उभं राहण्यावरून वाटत होतं. फिकट गुलाबी झाक काही गेली नाही.

मग उरलेलं काम. नळी जोडली, तेल वरच्या रेघेपर्यंत भरलं, इंजिन न लावता वीसेक वेळा स्टेअरिंग इकडून तिकडे, या वेळी मीच. हवा बुडबुडे होऊन डब्यात वर येत होती, तेल खाली जात होतं, पुन्हा भरत होतो. मग इंजिन लावलं तर डब्यात स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखा फेस आणि ते रडणं पहिल्यापेक्षा मोठं. पोटात गोळा आला. बंद केलं, फेस बसू दिला, चहा झाला, पुन्हा लावलं, टोकाला नेऊन दाबून न धरता हळूहळू फिरवलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा आवाज थांबला. एका बोटानं वळत होतं. दाखवायला वळलो तर सगळी माणसं केव्हाच घरी गेलेली.

संध्याकाळी बाबांनी बैलांचे खांदे पळसाच्या पानानं तूपहळदीनं शेकले. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," म्हणत गोठ्यातून बाहेर आले, गाडीजवळ थांबले, इकडंतिकडं पाहिलं आणि बोटाला राहिलेली हळद बंपरला पुसली. काही बोलले का ते मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोळ्यात तोरणाखाली बैल उभे. गावातले सगळे बैल गेरूच्या ठिपक्यांचे, आमचा एकटा अंगभर गुलाबी. शेजारच्या गावचा एक शेतकरी बराच वेळ हात फिरवून पाहत होता, शेवटी बाबांना विचारलं, "कोनता रंग हाय हो काकाजी? हाताले लागत नाई."

बाबा तोरणाकडे बघत म्हणाले, "एटीएफ हाय. तालुक्याले भेटते."